डोळ्यांखालची रंगसफाई

आदरणीय ताईंना,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा वाकून नमस्कार. पाकीट बघून दचकू नका. कुणी आजारी नाही, कुणी पडलेलं नाही, घर जागेवर आहे. इकडे सगळं उत्तम चाललंय (निदान फोटोत तरी). तुमचा रक्तदाब कसा आहे? मीठ कमी केलंत, की नुसती मिठाची बरणी वरच्या फळीवर ठेवलीत? साडूबुवांच्या गुडघ्याचं काय झालं? मागे ते म्हणाले होते की गुडघा जिना चढतानाच दुखतो, उतरताना नाही, म्हणून हल्ली ते फक्त उतरतात. मग ते वर कसे पोचतात हे मला अजून कळलेलं नाही, पण मोठ्या साडूला असं विचारू नये म्हणून गप्प बसलो. आणि तुमची नवी कवळी बसली का नीट? हिने ती जातीने केली आहे. सख्ख्या बहिणीच्या तोंडाचं माप घेणं अवघड गेलं म्हणाली, कारण माप घेत असतानाही तुम्ही बोलत होतात. (हे तिचं म्हणणं. माझं काही म्हणणं नाही.)

फोनच केला असता. पण तुम्ही फोन उचललात की आधी तो स्पीकरवर टाकता, मग साडूबुवांना हाक मारता, आणि माझं अर्धं वाक्य व्हायच्या आत “घे गं, तुझाच आहे” म्हणून, ही सध्या तुमच्याकडेच असल्यामुळे, हिच्या हातात देऊन मोकळ्या होता. मला जे सांगायचंय ते तिच्या कानावर जाता कामा नये. म्हणून हा पत्राचा उद्योग. वाचून झाल्यावर फाडून टाका असं लिहिणार होतो, पण तुमच्या घरी काही फाडून टाकल्याचं मी आजवर पाहिलेलं नाही, रिकाम्या पिशव्यांच्यासुद्धा तुम्ही घड्या घालून ठेवता. तेव्हा निदान त्या घड्यांच्या तळाशी ठेवा.

विषय डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांचा आहे. माझ्या. हसू नका. चाळिशी ओलांडलेल्या पुरुषाने बायकोच्या थोरल्या बहिणीला या विषयावर चार पानं लिहावीत, हे मलाही विचित्र वाटतंय. पण अडला हरी गाढवाचे पाय धरी, असं म्हणतातच. (तुम्हाला गाढव म्हणालो नाही. ती म्हणच तशी आहे. हे वाक्य खोडणार होतो, पण मग खोडलेलं काय होतं म्हणून तुम्ही पत्र उजेडाला धरलं असतंत.)

झालं काय की उन्हाळ्यात ही दात करायचं नवं यंत्र शिकायला तुमच्या गावी आली आणि तुमच्याकडे राहिली. जाताना मीच छाती पुढे काढून म्हणालो होतो, जा खुशाल, मी काय कुक्कुलं बाळ आहे? तेव्हापासून मला झोप लागत नाही. का लागत नाही, काही केल्या समजत नाही. तुम्हीच बघा: पलंग पूर्ण मोकळा. पांघरूण ओढायला कुणी नाही. पहाटे तिचा गजर नाही, आणि तो बंद करायला माझ्या तोंडावरून जाणारा तिचा हात नाही. शेजारी पडल्या पडल्या कुणाच्या तरी सुळ्याची गोष्ट सांगणारं माणूस नाही. झोपायला याहून चांगली परिस्थिती एखाद्याला मिळणार कुठे? तरी मी आपला माझ्या बाजूला, अगदी काठावर, आणि डोळे टक्क उघडे. आधी वाटलं गादी जुनी झाली. गादी उलटी केली. मग वाटलं पंखा आवाज करतो. पंख्याला तेल दिलं. आता पंखा आवाज करत नाही, त्यामुळे शांततेने झोप येत नाही.

आणि मग ती वर्तुळं उगवली. पहिल्यांदा वाटलं आरशालाच काही झालंय. मग मी कामाला असतो त्या फोटो स्टुडिओतल्या आरशात पाहिलं, तिथेही तेच. आमचे मालक तसे कधी कुणाला लागेलसं बोलत नाहीत, पण तेही एक दिवस म्हणाले की तू गिऱ्हाइकासमोर जरा बाजूला उभा राहत जा. फोटो काढणाऱ्याचाच चेहरा असा असेल, तर आपला कसा येईल, असं लोकांना वाटतं. म्हणजे मी आता कॅमेऱ्याच्या मागे, आणि त्यातही जरा डावीकडे, असा उभा राहतो. स्टुलावरचा माणूस माझ्याकडे बघायला मान वळवतो आणि फोटो तिरपा येतो.

तुम्हाला आमचं काम ठाऊक आहे की नाही कोण जाणे. तुमच्या समजुतीप्रमाणे मी बटण दाबतो. बटण कुणीही दाबतं हो. खरं काम पुढे, कॉम्प्युटरवर. त्याला टचिंग म्हणतात. फोटो उघडला की आधी डोळ्यांखालचं पुसायचं, मग कॉलर सरळ करायची, मग उडालेले केस बसवायचे. माणूस कोण आहे ते सगळ्यात शेवटी बघायचं. वर्षानुवर्षं हेच केल्यामुळे फोटो दिसला की हात आपोआप डोळ्यांखाली जातो. मला विचारतही नाही. परवा वर्तमानपत्रात कुठल्याशा बैलाचा फोटो होता, तर माझं बोट त्याच्या डोळ्याखाली फिरायला लागलं.

आता घोडं कुठे पेंड खातं ते ऐका. ही गेल्यापासून दर रविवारी माझा एक फोटो मागते. जेवतोस का, वाळलास का, बघू दे म्हणते. मी रविवारी दुपारी स्टुडिओ उघडून, टायमर लावून, पळत जाऊन स्टुलावर बसतो (पळण्यामुळे चेहऱ्यावर थोडं तेज येतं), आणि तो फोटो पाठवण्यासाठी कॉम्प्युटरवर उघडतो. उघडला की हात फिरला. मी फिरवला नाही, ताई. फिरला. पाठवताना मला ते सगळे फोटो आपले नेहमीसारखेच दिसले. तिकडून तिचं उत्तर यायचं, छान दिसतोयस. मी खूश. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. अशा रीतीने इकडे मी दिवसेंदिवस खंगत होतो आणि तिकडे दर आठवड्याला टवटवीत होत होतो.

मग तिचा तो फोन आला. तुमच्यासमोरूनच केला होता, मागे तुमचा कुकर ऐकू येत होता. म्हणाली, इथे मला आणखी एक वर्ष ठेवून घ्यायचं म्हणतायत, नव्या मुलींना शिकवायला. मी काय करू? मी म्हणालो, तुला काय वाटतं? ती म्हणाली, तुला काय वाटतं? असं थोडा वेळ चाललं. शेवटी म्हणाली, दोन दिवस घरी येते आणि बघून ठरवते.

बघून म्हणजे काय बघून, या एका शब्दाने माझ्या तोंडचं पाणी पळालं. घर बघून? गादी बघून? मी खूप विचार केला आणि एवढंच सुचलं की ती माझा चेहरा बघणार. चेहऱ्यावर ही दोन काळी वर्तुळं दिसली, की ती हातचं काम टाकून परत येणार, आणि मग जन्मभर मी तो माणूस, ज्याच्या डोळ्यांपायी हिने वर्षभराची संधी सोडली. ते मला नको होतं. ती परत यायला हवी होती, हे तुमच्यापासून कशाला लपवू, फारच हवी होती. पण कीव येऊन नको. आपणहून हवी. म्हणून ठरवलं की ती यायच्या आत वर्तुळं घालवायची, नाही गेली तर झाकायची, आणि छान, ताजातवाना दिसून तिला काय ठरवायचं ते ठरवू द्यायचं. लिहिताना हे मला जरा गोंधळाचं वाटतंय, पण तेव्हा अगदी सरळ वाटलं होतं.

पहिला सल्ला खालच्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाईंचा. त्या म्हणाल्या, स्टीलचे चमचे थंड करून डोळ्यांवर ठेवा. चमचे थंड करायचे तर पुरते करावेत म्हणून मी ते बर्फाच्या कप्प्यात घातले. ताई, डावा चमचा चिकटला. तशा अवस्थेत, एका डोळ्यावर चमचा धरून, मी त्यांच्याकडे खाली गेलो, तर त्यांनी कोमट पाणी ओतून तो सोडवला आणि शांतपणे म्हणाल्या की मी थंड म्हणाले होते, गोठवा म्हणाले नव्हते. त्यांनीच पुढे सांगितलं, पाणी भरपूर प्या. प्यायलो. जी काही तासभर झोप मिळत होती तीही त्या पाण्यापायी गेली, कारण पाणी प्यायलं की माणूस पडून राहू शकत नाही. वर त्या म्हणाल्या, उशी उंच घ्या. आमचे मालक म्हणाले, उशी अजिबात घेऊ नकोस, तिनेच होतं. मग मी अर्धी उशी घेतली, म्हणजे एक कान उशीवर आणि एक खाली, आणि मान अवघडली.

मालकांचा भरवसा बटाट्यावर. कच्च्या बटाट्याचा रस लावून वाळू द्यायचा. लावला. वाळला की त्याचा पांढरा थर धरतो, हे त्यांनी सांगितलं नव्हतं (की सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही, ते आठवत नाही). मी तोंड न धुता स्टुडिओत गेलो आणि दिवसभर येणारा प्रत्येकजण चुना कुठे काढताय विचारत होता. पुढचा प्रयोग काकडीचा. चकत्या ठेवून आडवा झालो, आणि गंमत म्हणजे डोळा लागेलसं वाटलं, तेवढ्यात भूक लागली. काकडी हाताशीच होती. त्यानंतर ओल्या टी बॅगा. त्यांनी काळं जातं असं म्हणतात, आणि खोटं नाही, काळं गेलं. त्याच्या जागी तपकिरी आलं आणि वर्तुळं होती त्याच्या दुप्पट झाली. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. बदामाचं तेल लावलं, ते डोळ्यांत गेलं. डोळ्यांत तेल घालून पहारा करतात म्हणे, मला तर समोरचं कपाट दिसेना.

शेवटी औषधाच्या दुकानात गेलो. तिथल्या गृहस्थाने एक इवलीशी डबी दिली आणि सांगितलं की हे मलम रात्री माणूस झोपेत असताना काम करतं. मी विचारलं, झोपच लागत नसेल तर? तो डबीवरचं बारीक छापलेलं उलटसुलट वाचत बसला. मागे रांग वाढली. मग म्हणाला, तसं यात काही लिहिलेलं नाही. मला त्याचं वाईट वाटलं आणि मी डबी घेतली. ती अजून उशाशी आहे. मी जागा असतो, त्यामुळे तीही काम करत नाही.

म्हणजे घालवणं संपलं, झाकणं उरलं. यात मात्र मी स्वतःला तज्ज्ञ समजत होतो. आमच्या धंद्यातलं साधं गणित आहे: निळसर काळ्यावर पांढरं फासलं तर राखाडी दिसतं, त्यावर आधी नारिंगी द्यायचं, मग अंगाचा रंग. स्टुडिओत एक रंगपेटी पडून आहे, कुणी हौशी नाटकवाले विसरून गेलेले. ती यायच्या दिवशी सकाळी मी दिव्यांसमोर बसलो, आणि ताई, खोटं नाही सांगत, असं काम केलं की मालकसुद्धा म्हणाले, तुझा फोटो काढून बाहेर लावू या. फक्त एक अडचण होती. हसलो की डोळ्यांखाली बारीक सुरकुत्या पडत आणि रंगाला भेगा जात. म्हणून हसायचं नाही असं ठरवलं. दोन दिवसांचा तर प्रश्न होता.

आता तुमच्या बहिणीचा धंदा आठवा. ती माणसाकडे बघते म्हणजे आधी दातांकडे बघते. आमची पहिली भेट झाली तेव्हा मी तिच्या डोळ्यांखाली बघत होतो आणि ती माझ्या दातांकडे, असं आम्ही नंतर एकमेकांना सांगून हसलो होतो. ती बसमधून उतरली, मला पाहून हसली, आणि मी ओठ घट्ट मिटून तिच्या हातातली पिशवी घेतली. ती माझ्या तोंडाकडे बघतच राहिली. मला वाटलं उन्हात नारिंगी फार दिसतंय, म्हणून मी भराभर सावलीच्या बाजूने चालायला लागलो. ती मागे राहिली. घरी पोचेपर्यंत आम्ही पुढेमागे चालत होतो, भांडण झाल्यासारखे.

ते दोन दिवस कसे गेले ते मला नीट सांगताच येत नाही, कारण काय चाललंय ते मला तेव्हाही कळत नव्हतं. मी तोंड धुवायचं टाळत होतो. कांदा चिरायला नको म्हणत होतो, कारण पाणी आलं की ओघळ. तिने गालाला हात लावायला पुढे केला तर मी मागे सरलो. रंग तिच्या हाताला लागला असता. उशीला लागू नये म्हणून मी पाठीवर ताठ झोपलो, म्हणजे पडलो. ट्यूबलाइट लावताना मला धडकीच भरली होती, पण तिनेच उठून ती बंद केली, डोळ्यांना त्रास होतो म्हणाली. मला हायसं वाटलं. तिने नवा जाड फ्रेमचा चष्मा केलाय, तो घरातही काढत नव्हती. बारीक काम असतं, लागत असेल. कोपऱ्यातल्या छोट्या दिव्यात आम्ही जेवलो. एरवी तिची कुणाच्या दाढेची गोष्ट एकदा सुरू झाली की संपत नाही, पण त्या दिवशी एकही दाढ निघाली नाही.

निघायच्या दिवशी सकाळी तिने दारात चपला घातल्या. मग म्हणाली, “छान दिसतोयस. एकटं राहणं मानवलं तुला.”

मी म्हणालो, “हो, बरं चाललंय.”

“मग राहू का मी वर्षभर?”

“तुझी मर्जी.”

आणि ताई, ती गेली. संध्याकाळच्या बसने जाणार होती, ती सकाळच्याच बसने गेली. मी खिडकीतून बघत राहिलो. नंतर तोंड धुतलं, रंग सगळा गेला, खालचं काळं होतं तसंच निघालं, आणि मग मी बराच वेळ मोरीतच उभा होतो. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, एवढं दिसतंय. पण काय झालं ते दिसत नाही. मी सगळं तिच्यासाठी केलं. तिला काळजी वाटू नये म्हणून. काळजी वाटली नाही. मग ती तशी का गेली? नर्सबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, तुम्हाला चमच्याचंही एकदा सांगून कळलं नव्हतं. याचा अर्थ मला लागलेला नाही.

म्हणून तुम्हाला लिहितोय. तुम्ही चार पावसाळे जास्त पाहिलेत, घरगुती उपाय तुम्हाला पुष्कळ माहीत आहेत. डोळ्यांखालच्या वर्तुळांवर खात्रीचा काही उपाय असेल तर उलट टपाली कळवा. बटाटा, काकडी, चमचे आणि चहा सोडून. तेवढंच काम होतं. बाकी तब्येतीला जपा, मीठ खरोखर कमी करा, साडूबुवांना माझा नमस्कार सांगा आणि त्यांना अधूनमधून वरही जाऊ द्या.

तुमच्या धाकटीचा,
झोप सोडून बाकी सगळं ठीक असलेला,
नवरा

ता. क. वरचं तिला सांगू नका. विचारलं तर सांगा, साडूबुवांच्या गुडघ्यावर उपाय विचारायला पत्र लिहिलं होतं.

ता. क. २. किंवा सांगा. मी वरचं सगळं पुन्हा वाचलं आणि मला असं दिसलं की उपाय मला नकोच आहे. मी पाकिटात माझा एक फोटो घातलाय. आज सकाळचा, हात न लावलेला. (दोनदा माऊस सरकलाच होता, पण मी उजवा हात डाव्या हाताने धरून ठेवला.) तो तिला दाखवू नका, ताई, नुसता तिची नजर जाईल अशा जागी पडू द्या. तुमची कवळी ज्या पेल्यात ठेवता त्याला टेकवून ठेवलात तर चालेल, तिथे ती सकाळी आधी बघते. आणि बघून काही बोलली तर सोनारानेच कान टोचावे तसं तुम्हीच तिला काय ते सांगा. माझ्या तोंडून फक्त ‘बरं चाललंय’ निघतं.

ता. क. ३. ताई, पाकीट चिकटवायला डिंक शोधत होतो एवढ्यात तिचा निरोप आला. सोबत तिचा फोटो. म्हणते, वर्षभरासाठीचं ओळखपत्र करायचंय, त्यात चष्मा चालत नाही, इथेच एका ठिकाणी काढून घेतलाय, पण छापतात वाईट, तू छापून पाठव. म्हणजे मीच छापून द्यायचं, तिच्या तिकडे राहण्याचं ओळखपत्र. म्हटलं ठीक, तिची मर्जी. फोटो उघडला. उघडल्याबरोबर हात डोळ्यांखाली गेला, आणि तिथे करण्यासारखं काही नव्हतं. आधीच कुणीतरी केलेलं होतं.

काम कच्चं आहे. घाईचं. दोन्ही डोळ्यांखाली एकसारखं गुळगुळीत, जिवंत माणसाची कातडी अशी नसते. डाव्या बाजूला पापणीचे दोन केससुद्धा पुसले गेलेत. एवढा मोठा पट्टा कुणी उगाच पुसत नाही. खाली पुष्कळ काळं असल्याशिवाय नाही. मी ते मोठं करून करून बघितलं. ताई, ज्या माणसाचा धंदाच लोकांच्या डोळ्यांखाली बघण्याचा, त्याने स्वतःचे डोळे सांभाळण्याच्या नादात दोन दिवस बायकोच्या डोळ्यांखाली बघितलं नाही. ट्यूबलाइट तिने बंद केली आणि मला हायसं वाटलं. तो चष्मा मी बारीक कामाचा समजलो. तुम्ही तिच्या शेजारच्या खोलीत झोपता, तुम्हाला माहीत असेल, तिला झोप लागते का?

असो. मला जे काम होतं ते हे. तिला सांगा, हा फोटो मी छापणार नाही. ओळखपत्राच्या फोटोला हात लावलेला आमच्याकडे चालत नाही, मालकांचा नियम आहे, आणि तिच्यासाठी मोडणार नाही. नवा काढावा लागेल, इथे, आमच्या स्टुलावर, चष्मा काढून, आणि काढणारा मी. मी समोर उभा राहीन, बाजूला नाही, आणि हसेन. वर्षभराचं काय ते मग दोघं मिळून बघू. तिला शिकवायचंच असेल तर मी तिकडे काम शोधीन, फोटो काढणारे सगळीकडे लागतात. हे माझ्याच्याने फोनवर बोलवणार नाही, म्हणून तुम्ही सांगा, स्पीकरवर टाकून सांगितलंत तरी चालेल. म्हणावं, त्याला तू गेल्यापासून झोप लागत नाही. तुलाही लागत नसेल, तर घरी ये.